तोच कर, त्याच बस, दोन निकाल: सिएटल, 2014

22 एप्रिल 2014 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या मतदारांनी बससाठीचा कर नाकारला. 4 नोव्हेंबरला त्याच काउंटीतल्या सिएटल शहराने तोच कर, त्याच दराने, 62 टक्के मतांनी मंजूर केला. मधे गेले साडेसहा महिने. या काळात काय झालं, कुणी काय ठरवलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, याची ही नोंद. मी तेव्हा सिएटलमध्ये कॅपिटल हिलवर राहायचो आणि रोज बसने कामाला जायचो. मतदानाचा हक्क नव्हता, व्हिसावर होतो. कर मात्र भरत होतो. ओळखीच्या माणसांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सिएटल हे किंग काउंटीतलं सगळ्यात मोठं शहर, पण काउंटीच्या लोकसंख्येत त्याचा वाटा जेमतेम एक तृतीयांश. बाकीचे लोक लेक वॉशिंग्टनच्या पलीकडे बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमॅमिशला, नाहीतर दक्षिणेला रेंटन, केंट, ऑबर्नला. आपली मराठी मंडळी बहुतेक करून तळ्यापलीकडची, कारण मायक्रोसॉफ्ट तिकडे.

बससेवा काउंटी चालवते आणि तिचं नाव मेट्रो. (पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाचा पहिला आठवडा इथेच गोंधळात जातो. मेट्रो कुठे आहे विचारलं की लोक बसच्या खांबाकडे बोट दाखवतात.) 2014 मध्ये मेट्रोने दिवसाला सुमारे 4 लाख प्रवास होत. तिकिटातून खर्चाचा एक तृतीयांशही निघत नव्हता. निम्म्याहून जास्त पैसा विक्रीकरातून येई.

विक्रीकरावर एवढी भिस्त का, याला इतिहास आहे. वॉशिंग्टन राज्यात तेव्हा पगारावर प्राप्तिकर नव्हता. पूर्वी गाडीच्या किमतीवर कर होता आणि त्यातला मोठा हिस्सा बसला मिळे. नोव्हेंबर 1999 मध्ये राज्यभरातल्या मतदारांनी तो काढून सरसकट 30 डॉलर शुल्क लावण्याचा प्रस्ताव पास केला. न्यायालयाने तो रद्द ठरवला, तरी विधिमंडळाने पुढच्याच वर्षी तेच कायद्यात उतरवलं. मेट्रोच्या उत्पन्नाचा जवळपास एक तृतीयांश भाग एका फटक्यात गेला. खड्डा बुजवायला किंग काउंटीच्या मतदारांनी 2000 मध्ये आणि पुन्हा 2006 मध्ये बससाठी विक्रीकर वाढवून दिला. तो 0.9 टक्क्यांवर पोचला, म्हणजे राज्याच्या कायद्याने घातलेल्या कमाल मर्यादेला टेकला.

म्हणजे इथले मतदार बसच्या नावाने नाक मुरडणारे होते असं नाही. पण मोजणीच्या नियमाने प्रस्ताव कसा पडतो, हेही या भागाने पूर्वी पाहिलेलं होतं. 1968 मध्ये शहरी रेल्वे उभारायच्या कर्जरोख्यांना निम्म्याहून थोडी जास्त मतं पडली, पण लागत होती 60 टक्के. 1970 मध्ये पुन्हा विचारलं तर निम्मीही पडली नाहीत. सिएटलसाठी ठेवलेला केंद्राचा पैसा अटलांटाला गेला आणि तिथे त्यातून रेल्वे उभी राहिली. सिएटलमधले जुने लोक ही गोष्ट अजून सांगतात, आपल्याकडे हुकलेल्या प्लॉटची सांगतात तशी.

अडचण

2008 च्या मंदीत लोकांनी खरेदी थांबवली आणि विक्रीकर आटला. प्रवासी मात्र बसमध्येच होते. 2008 ते 2011 या चार वर्षांत चार वेळा भाडेवाढ झाली. डाउनटाउनमधला मोफत प्रवासाचा पट्टा सप्टेंबर 2012 मध्ये बंद झाला. 2011 मध्ये काउंटी कौन्सिलने दर गाडीमागे 20 डॉलरचं तात्पुरतं शुल्क लावलं, दोन वर्षांसाठी. तेवढ्यात राज्य काहीतरी कायमचं करेल अशी आशा होती. 2013 चं अधिवेशन संपलं, राज्याने काही केलं नाही, आणि 2014 च्या मध्याला ते 20 डॉलरही संपणार होते.

मेट्रोने यादी काढली: सुमारे 17 टक्के सेवा कमी, 74 मार्ग बंद, शंभरावर मार्गांच्या फेऱ्या कमी किंवा रस्ता वेगळा.

पहिला निर्णय: काउंटीभर मत मागायचं

काउंटीपुढे फार वाटा नव्हत्या. भाडं आणखी वाढवलं तरी एवढी तूट भरत नाही. राज्याची वाट पाहायची तर शुल्क संपतं. गाडीच्या किमतीप्रमाणे कर लावणं सगळ्यात न्याय्य झालं असतं, पण त्याची परवानगी राज्याकडून मिळाली नाही. उरला एक जुना कायदा. वाहतूक जिल्हा नावाची वेगळी संस्था स्थापन करायची आणि तिच्यामार्फत मतदारांना विचारायचं. प्रस्ताव असा होता: दर गाडीमागे वर्षाला 60 डॉलर आणि विक्रीकरात 0.1 टक्का वाढ, म्हणजे 100 डॉलरच्या खरेदीला 10 सेंट. येणाऱ्या पैशातले 60 टक्के बसला, 40 टक्के रस्त्यांना. (60:40 हा आकडा पुणेकराला ओळखीचा. पीएमपीएमएलची तूट दोन महापालिका याच प्रमाणात उचलतात. फरक एवढाच की तिथे आपल्याला कुणी विचारत नाही.)

रस्ते यात का घातले? बसमध्ये न बसणाऱ्या मतदारालाही काहीतरी मिळावं म्हणून. कागदावर शहाणपणाचं. प्रत्यक्षात बसवाल्यांना वाटलं आपल्या नावावर रस्ते होतायत, आणि रस्तेवाल्यांना वाटलं रस्त्यांच्या आडून बस आणतायत.

तारीख पडली 22 एप्रिल. विशेष निवडणूक, बहुतेक ठिकाणी मतपत्रिकेवर हा एकच प्रश्न. नोव्हेंबरपर्यंत थांबता येत नव्हतं, कारण मार्ग बंद करायची तयारी मेट्रोला कित्येक महिने आधी करावी लागते. पण वसंतातल्या अशा निवडणुकीला मतदान कमी होतं. तरुण आणि भाड्याने राहणारे मागे राहतात, घरमालक आणि वयस्क नेमाने लिफाफा पाठवतात.

लिफाफा म्हणतोय कारण इथे मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, काळ्या शाईने गोल भरायचा, लिफाफ्यावर सही करायची, आणि त्या वर्षी 49 सेंटचं तिकीट स्वतःच्या पैशाने लावायचं. सॅमॅमिशला राहणाऱ्या एका मित्राकडे रविवारी जेवायला गेलो होतो. तो इथे वीस वर्षांचा, नागरिक झालेला. ओट्यावर कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ती मतपत्रिका पडली होती. म्हणाला, “अरे, घरात दोन गाड्या. एकशेवीस डॉलर. आणि बस माझ्या दारात येते कुठे? पार्क अँड राइडला गाडी घेऊनच जायचं ना!” मी सांगितलं, चाळीस तर तू आत्ताही भरतोस, म्हणजे वाढ ऐंशीची. त्याला हे ठाऊकच नव्हतं. दुसरी गोष्ट मात्र त्याने माझ्यावर उलटवली: “मुलीची कोरोला पंधरा वर्षांची, शेजाऱ्याची नवी लेक्सस. दोघांना साठच?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रचार करणाऱ्यांकडेही नव्हतं.

त्याने ‘नाही’ वर गोल भरला. काउंटीत एकूण सुमारे 54 टक्के लोकांनी तेच केलं.

सिएटल शहराच्या हद्दीत मात्र त्याच दिवशी जवळपास दोन तृतीयांश मतं ‘हो’ ची होती.

दुसरा निर्णय: धमकी खरी करायची का

‘पैसे नाही दिलेत तर 74 मार्ग जातील’ हे आधीच सांगून झालं होतं. आता कपात केली नाही तर पुढच्या वेळी कोण विश्वास ठेवणार? आणि केली तर भोगणार कोण? ज्यांनी ‘हो’ म्हटलं तेच. काउंटीचे कार्यकारी प्रमुख डाउ कॉन्स्टंटाइन टप्प्याटप्प्याने कपात करायच्या बाजूने होते, कौन्सिलमधल्या काहींना थांबून पाहायचं होतं. बरीच ओढाताण झाली. सप्टेंबर 2014 मध्ये पहिला टप्पा आला: 28 मार्ग बंद, वर्षाचे सुमारे दीड लाख सेवा-तास गेले. सेवा-तास म्हणजे एक बस एक तास रस्त्यावर. मेट्रोचा सगळा हिशेब याच मापात चालतो.

आणि मग अर्थव्यवस्था सावरली. अॅमेझॉनची भरती जोरात होती, क्रेनशिवाय चौक दिसत नव्हता, विक्रीकर अंदाजापेक्षा जास्त आला. 2015 मधली उरलेली कपात रद्द झाली. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं: “बघा, उगाच घाबरवत होते.” माझ्या मते मेट्रो खोटं बोलत नव्हती, तिचा अंदाज सावध होता. पण भीती दाखवून मत मागितलं की नंतरची चांगली बातमीसुद्धा अंगाशी येते, ती अशी.

तिसरा निर्णय: शहराची रेष

एप्रिलचा निकाल लागल्यावर काही दिवसांतच सिएटलमधल्या एका नागरिक गटाने ठरवलं, काउंटी नाही म्हणते तर शहराला विचारू. त्यांचा प्रस्ताव मालमत्ता कराचा होता. महापौर एड मरे यांनी त्याऐवजी तोच 60 डॉलर आणि 0.1 टक्क्याचा जोड पुढे आणला, फक्त शहरापुरता, 6 वर्षांसाठी. त्यातून वर्षाला सुमारे 45 दशलक्ष डॉलर येणार होते. नागरिक गटाने आपला प्रस्ताव मागे घेतला.

तिसरी सूचना शहराच्या कौन्सिलमधून आली, निक लिकाटा आणि क्षमा सावंत यांची. सावंत जन्माने पुण्याच्या, वाढल्या मुंबईत, आणि नुकत्याच ‘सोशलिस्ट अल्टरनेटिव्ह’ या तिथल्या समाजवादी संघटनेच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, विक्रीकराचा बोजा गरिबावर जास्त पडतो, त्याऐवजी कंपन्यांवर कर्मचाऱ्यामागे कर लावा आणि व्यावसायिक पार्किंगचा कर वाढवा. कौन्सिलने ती सूचना फेटाळली. मला वाटतं मुद्दा बरोबर होता. पण ज्या जोडाला शहरात दोन तृतीयांश मतं पडल्याचं एप्रिलमध्ये दिसलं होतं, तो सोडून नवा प्रयोग करायला कुणी धजावलं नाही. गरिबांसाठी दोन सोयी केल्या. कमी उत्पन्नवाल्यांना गाडीमागे 20 डॉलर परत, आणि थोडा पैसा सवलतीच्या पासाच्या प्रसाराला. तो सवलतीचा पास काउंटीने मार्च 2015 मध्ये सुरू केला, भाडं दीड डॉलर.

काउंटीनेही एक दार उघडून ठेवलं होतं. कुठल्याही शहराने पूर्ण खर्च द्यावा आणि जादा फेऱ्या विकत घ्याव्यात. बस मेट्रोची, ड्रायव्हर मेट्रोचा, बिल शहराचं. ही सोय नसती तर सिएटलने कर गोळा केला असता आणि खर्च कुठे करायचा हाच प्रश्न पडला असता.

नोव्हेंबरमध्ये 62 टक्के ‘हो’. दुसऱ्या वेळी प्रचार चांगला झाला, लोकांचं मन वळलं, असं नंतर बरंच बोललं गेलं. मला ते पटत नाही. एप्रिलमध्ये याच हद्दीत जवळपास दोन तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले होते, नोव्हेंबरमध्ये 62 टक्के. मतदान करणारे अगदी तेच नव्हते, तरी आकडा वर गेला नाही. मन वळलं नाही, मोजायची रेष बदलली.

पैसा आल्यावर

कपात टाळायला मागितलेला पैसा हातात पडेपर्यंत उरलेली कपात टळलीच होती. मग त्यातून जादा फेऱ्या घेतल्या, जून आणि सप्टेंबर 2015 मध्ये. वेस्ट सिएटलची सी लाइन आणि बॅलर्डची डी लाइन (दोन्ही बसच) पूर्वी एकच लांबलचक मार्ग म्हणून धावत आणि एका टोकाचा उशीर दुसऱ्या टोकाला पोचवत. मार्च 2016 मध्ये शहराच्या पैशाने त्या वेगळ्या केल्या.

माझा रोजचा 8 नंबर. डेनी वे च्या उतारावरून साउथ लेक युनियनला जाणारा. संध्याकाळी परतताना हायवेच्या तोंडाशी गाड्यांची एवढी रांग की चढावर चालत जाणारा माणूस बसला मागे टाकी. फेऱ्या वाढल्यावर थांब्यावर उभं राहणं कमी झालं. पुढे मात्र एकाऐवजी दोन 8 नंबर त्याच रांगेत उभे. पैशाने बस मिळाली, रस्ता मिळाला नाही. त्याला बसची वेगळी मार्गिका लागते, आणि तो प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता.

तरी एकूण फरक मोठा होता. घरापासून दहा मिनिटं चालून, दर दहा मिनिटांनी येणारी बस किंवा रेल्वे मिळते अशी घरं 2015 मध्ये 25 टक्के होती, 2017 मध्ये 64 टक्के झाली. यात 2016 मध्ये कॅपिटल हिल आणि विद्यापीठापर्यंत आलेल्या लाइट रेलचा आणि त्याबरोबर बदललेल्या बसमार्गांचाही हात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत बसचे प्रवासी घटत असताना इथे वाढले. डाउनटाउनला एकट्याने गाडी चालवत येणाऱ्यांचा हिस्सा 2010 मध्ये 35 टक्के होता, 2017 मध्ये 25 वर आला.

मग तिढा पडला तो वेगळाच. पैसा होता, पण जादा बस चालवायला ड्रायव्हर पुरेनात आणि त्या रात्री उभ्या करायला आगारात जागा नव्हती. खात्यात शिल्लक साठू लागली. 2018 मध्ये नियम सैल करून त्यातला काही भाग शाळकरी मुलांच्या मोफत पासांकडे वळवला. पासांचं स्वागतच. पण आगाराला जागा शोधून बांधायला वर्षं लागतात, हे 2014 मध्येही ठाऊक होतंच.

रेषेबाहेर

मूळ नियमाप्रमाणे शहराचा पैसा त्याच मार्गांना मिळणार होता ज्यांचे 80 टक्के थांबे सिएटलच्या हद्दीत आहेत. मतदाराला दिलेला शब्द म्हणून हे ठीकच. थोडी रक्कम शेजारच्या शहरांबरोबर भागीदारीसाठी ठेवली होती, पण थोडीच.

आमच्या ऑफिसात रात्री सफाईला येणाऱ्या एक बाई केंटहून 150 नंबरने यायच्या. पूर्वी त्या सिएटलमध्ये, रेनियर व्हॅलीत राहायच्या. भाडं परवडेना म्हणून दक्षिणेला गेल्या. रेनियर अॅव्हेन्यूवरचा 7 नंबर त्यांच्या डोळ्यांदेखत सुधारला, त्या तिथून गेल्यावर. “मी तिथे होते तेव्हा उभ्याने जायचे,” एवढंच म्हणाल्या. त्या मतदारही नव्हत्या.

सिएटल महाग होत होतं आणि बसवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेली माणसं हद्दीबाहेर ढकलली जात होती. ‘हो’ म्हणणारी रेष आणि गरज असलेली रेष एकमेकींपासून लांब चालल्या होत्या.

2020: रिकाम्या बस, 80 टक्के मतं

नोव्हेंबर 2019 मध्ये राज्यभर पुन्हा गाडीवरचं शुल्क 30 डॉलरवर आणायचा प्रस्ताव पास झाला, सुमारे 53 टक्क्यांनी. सिएटलने विरोधात मत दिलं, पण मोजणी राज्याची होती. रेष आता दुसऱ्याच्या हातात. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रस्ताव रद्द केला, पण तोपर्यंत शहराने धोका न पत्करता गाडीचं शुल्क वगळून फक्त 0.15 टक्के विक्रीकराचा प्रस्ताव मतपत्रिकेवर टाकला होता.

तो काळ आठवा. बसच्या कपाळावर ‘फक्त अत्यावश्यक प्रवास’ अशी पाटी, मागच्या दाराने चढायचं, मार्चपासून सप्टेंबरअखेर भाडंच नाही, साध्या बसमध्ये 12 माणसांची मर्यादा. प्रवासी संख्या पार कोसळलेली. आणि ‘हो’ ची मतं पडली सुमारे 80 टक्के, तोपर्यंतची सगळ्यात जास्त.

बसमध्ये जास्त लोक बसले की बसला जास्त मतं पडतात, हा समज इथे कोलमडतो. अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष होतं, मतदान भरघोस झालं, गाडीवाल्याला वेगळं बिल येणार नव्हतं आणि आधीचा कर सुरू असल्याने मागणं नवं वाटलं नाही. शिवाय बसमध्ये तेव्हा कोण बसत होतं ते सगळ्यांना दिसत होतं: नर्स, दुकानातले कामगार, सफाईवाले.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलची तारीख टाळायला हवी होती. तात्पुरतं शुल्क 2014 मध्ये संपणार हे 2011 मध्येच लिहिलेलं होतं. नोव्हेंबर 2013 मध्ये विचारता आलं असतं, पण सगळे राज्याकडे डोळे लावून बसले. ‘60 डॉलर’ ऐवजी ‘आता 20, पुढे 60’ हे ठळक सांगायला हवं होतं. सॅमॅमिशच्या मित्राचं मत कदाचित तरीही ‘नाही’ असतं, पण ते खऱ्या आकड्यावर पडलं असतं.

शहराने वेगळं व्हायचा निर्णय घेतला नसता तर फेऱ्या वाढल्या नसत्या, हे मान्य. पण 80 टक्के थांब्यांची अट पहिल्याच दिवशी थोडी सैल ठेवता आली असती. 2018 मध्ये ती 65 वर आणलीच. चार वर्षं आधी आणली असती तर खात्यात पडून राहिलेल्या पैशाला दक्षिणेकडे वाट मिळाली असती. आणि पहिल्या वर्षीच्या पैशातला काही भाग फेऱ्यांऐवजी ड्रायव्हरच्या भरतीला आणि आगाराच्या जागेला देता आला असता. पण ‘आगार बांधतो, मत द्या’ असं म्हणून कोण निवडणूक लढवणार?

2020 चा करही सहा वर्षांचाच. 2027 मध्ये त्याची मुदत संपते, त्याआधी पुन्हा लिफाफे जातील. टपालाचं तिकीट मात्र आता स्वतःच्या पैशाने लावावं लागत नाही.